कोल्हा, खोकड आणि खाडीतलं बेट

आजचा भाग माफीने सुरू करतेय, कारण मागच्या भागात मी एक चूक केली होती आणि ती तुमच्यापैकी एकाने पकडली.

मागचा भाग गोष्टींमधल्या प्राण्यांवर होता. त्याच्या थंबनेलला मी कोल्हा म्हणून एक फोटो लावला. लालसर केस, पांढऱ्या टोकाची झुपकेदार शेपटी, मागे बर्फ. दिसायला एकदम भारी. दोन दिवसांनी पुरंदरकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. "ताई, हा आपला कोल्हा नाही. आमच्या माळावरचं खोकडसुद्धा नाही. हा विलायती आहे." मी हसून "हो का, बदलते" असं उत्तर दिलं आणि विसरून गेले.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. गाव धरमतरच्या खाडीकाठी, रायगड जिल्ह्यात. भर दुपारी बांधावर एक प्राणी झोकांड्या खात चाललाय. मागे सात-आठ पोरं, हातात काठ्या. व्हिडिओखाली लिहिलं होतं, "गावात लांडगा घुसला, सावध रहा." पुढचं मी इथे सांगत नाही. तो प्राणी मेला आणि पोरांनी त्याला भरतीच्या पाण्यात ढकलून दिला, एवढं पुरे.

मी तो व्हिडिओ आजीला दाखवला. तिने मोबाइल लांब धरून नीट बघितला आणि म्हणाली, "बाय, लांडगा कसला, कोला हाय तो."

म्हणजे एका आठवड्यात एकाच प्राण्याच्या नावात दोनदा चूक. एकदा माझी, एकदा गावाची. माझ्या चुकीने फक्त थंबनेल बिघडलं. गावाच्या चुकीने काय झालं, ते शेवटी सांगते. त्याआधी हा प्राणी कोण, आपल्या किनाऱ्यावर तो कसा राहतो आणि त्याच्या नावाचा एवढा घोळ का झाला, ते बघूया.

नावाचा घोळ

आपल्याकडे दोन वेगवेगळे प्राणी आहेत. एक कोल्हा, म्हणजे इंग्रजीत गोल्डन जॅकल, शास्त्रीय नाव कॅनिस ऑरियस. दुसरं खोकड, म्हणजे इंडियन फॉक्स, शास्त्रीय नाव व्हल्पिस बेंगालेन्सिस. कोल्हा हा कुत्रा आणि लांडगा यांच्या जवळचा भाऊबंद, वजन साधारण ८ ते ११ किलो. खोकड त्यापेक्षा खूपच लहान, दोन-तीन किलोंचं, शेपटीच्या टोकाला काळा झुपका. खोकडाला मोकळा, कोरडा माळ लागतो, त्यामुळे ते देशावर दिसतं. आमच्या खाडीच्या चिखलात त्याचं काही काम नाही. इथे असतो तो कोल्हा.

जुन्या लोकांना हा फरक पक्का माहीत होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. १८३१ साली त्याने दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीपुढे मांडली. त्यात तो प्रत्येक प्राण्याचं मराठी नाव देतो. लांडगा वेगळा, कोळसून म्हणजे रानकुत्रा वेगळा, कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. खोकडाला तर त्याने शास्त्रीय नावच मराठीवरून दिलं, 'कॅनिस कोक्री'. पण शास्त्रीय नावांचा नियम असा की ज्याने आधी नाव दिलं त्याचं टिकतं. जॉर्ज शॉने १८०० सालीच त्याला बंगालवरून नाव दिलेलं होतं. त्यामुळे आपलं मराठी नाव यादीतून गेलं आणि पुण्याच्या माळावरचं खोकडही कागदावर बंगालचं झालं.

मग कोल्हा आणि फॉक्स एक कधी झाले? माझा अंदाज, गोष्टींमुळे. इसापच्या गोष्टी मराठीत फार लवकर आल्या. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' छापलं गेलं, ते इसापच्या गोष्टींचं मराठी रूप. इकडे मुंबईत १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आली. इसापच्या गोष्टीतला लबाड प्राणी म्हणजे फॉक्स. पण मराठीत लबाडीची जागा आधीच भरलेली होती. पंचतंत्रातले करटक आणि दमनक, नीळीच्या पिंपात पडून निळा झालेला तो राजा, हे सगळे कोल्हेच. त्यामुळे आंबट द्राक्षंही कोल्ह्याच्याच वाट्याला गेली. पुढे शाळेच्या पुस्तकांत इंग्रजी चित्रं आली, चित्रातला प्राणी विलायती फॉक्स आणि खाली नाव कोल्हा. माझं थंबनेल तिथूनच आलं.

गंमत म्हणजे इंग्रजीतला 'जॅकल' हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. संस्कृतातला शृगाल फारसीत शगाल झाला, तुर्कीत चकाल झाला आणि तिथून युरोपात जाऊन जॅकल झाला. आणि फक्त आपणच चुकतो असंही नाही. आफ्रिकेतल्या ज्या प्राण्याला शास्त्रज्ञ अनेक वर्षं गोल्डन जॅकल म्हणत होते, तो डीएनए तपासल्यावर २०१५ साली वेगळीच जात निघाला. आता त्याला आफ्रिकन गोल्डन वुल्फ म्हणतात. म्हणजे नाव चुकणं माफ आहे. चूक कळल्यावर दुरुस्त करायची, एवढंच.

कोल्हा काकडीला राजी

आता प्राण्याकडे येऊ. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपण थोडक्यात खूश होणाऱ्या माणसासाठी वापरतो. पण ही म्हण ज्याने केली त्याने कोल्हा नीट पाहिला होता. कोल्हा खरंच काकडी खातो. टरबूज, बोरं, जांभळं, ऊस, सगळं खातो. उंदीर, घुशी, पक्ष्यांची अंडी, मेलेलं जनावर, खाडीकाठी मासे आणि चिंबोऱ्या, आणि आता कचराकुंडीतलं उरलंसुरलंही. कोल्हा माणसाजवळ टिकतो, कारण समोर जे येईल त्यावर त्याचं भागतं.

आजी सांगते, "सुकतीला उतरतान कोलं, चिंबोऱ्या खावाला." सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की तिवरांच्या मुळांमधला चिखल उघडा पडतो, निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळांबाहेर येतात. भरतीला हे सगळं ताट पाण्याखाली जातं. त्यामुळे खाडीतल्या कोल्ह्याला सूर्याबरोबर चंद्राचंही घड्याळ पाळावं लागतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आजची जेवणाची वेळ उद्या नाही. मी ऑफिसात शिफ्टचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर लिहिते. हे वेळापत्रक मला सुद्धा दोनदा समजून घ्यावं लागलं.

कोल्हे जोडीने राहतात आणि जोडी सहसा टिकते. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे कुत्रीइतकाच. एका वेळी चार-पाच पिल्लं. आधीच्या वर्षीचं एखादं मोठं पिल्लू घरीच थांबतं आणि धाकट्यांना खाऊ घालायला, राखायला मदत करतं. आमच्याकडे थोरल्या बहिणीने धाकट्यांना सांभाळावं तसंच. बीळ बहुतेक वेळा बांधाच्या उतारावर, झुडपाखाली, जिथे उधाणाचं पाणी पोचत नाही तिथे.

आणि कोल्हेकुई. संध्याकाळी एकाने सुरुवात केली की जोडीदार साथ देतो, मग शेजारची जोडी, मग पलीकडची. आपल्या कानाला तो नुसता गोंगाट. त्यांच्यासाठी ती हजेरी आहे. आम्ही इथे आहोत, ही जागा आमची आहे, तुम्ही तिकडेच राहा. कोल्ह्यांची गणना करणारे लोकसुद्धा हीच पद्धत वापरतात. रेकॉर्ड केलेली कुई वाजवायची आणि कुठून किती उत्तरं येतात ते मोजायचं.

जुन्या लोकांकडे आणखी एक शब्द आहे, भालू. कळप सोडून एकटी, वेगळ्याच चिरक्या आवाजात ओरडणारी कोल्ही. भालू ओरडली की वाघ जवळ आहे असं समजायचे. त्यात तथ्य होतं. वाघाच्या मागे राहून त्याच्या शिकारीतलं उरलेलं खाणारे एकटे कोल्हे शिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहेत. आमच्या भागातून वाघ गेला, भालू हा शब्द मात्र आजीच्या तोंडात राहिला.

बांध, संप आणि तिवरं

आता प्रश्न असा की हा प्राणी आमच्या खाडीत राहतो तरी कुठे? आणि इथे कोल्ह्याची गोष्ट आमच्या शेतीच्या गोष्टीत मिसळते.

पेण, अलिबाग, उरण या पट्ट्यातली कितीतरी भातशेती ही मुळात समुद्राची जमीन आहे. भरतीला पाणी येणारं खाजण लोकांनी बांध घालून अडवलं, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढलं आणि त्यात खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात लावलं. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या कागदांत याला शिलोत्री म्हटलंय. बांध घालणाऱ्याला जमीन सवलतीने आणि बांध राखायची जबाबदारीही त्याचीच. आतला बांध म्हणजे आतबंदिस्ती, समुद्राच्या बाजूचा बाहेरकाठा, आणि पाणी सोडायला लाकडी दाराची उघाडी. उधाणाने बांध फुटला की त्याला खांड जाणं म्हणतात. खांड गेली की सगळं गाव टोपल्या घेऊन धावायचं, कारण एका भरतीत पुढच्या काही वर्षांचं पीक जातं.

ही जमीन कसणारे आमच्यासारखे आगरी आणि जमीन नावावर असलेले खोत-सावकार, यांच्यातला झगडा १९३३ साली पेटला. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी ठरवलं की आम्ही खोतांची जमीन कसणार नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चरीत येऊन पाठिंबा दिला. सहा वर्षं माणसांनी मोलमजुरी केली, जंगलातली लाकडं तोडून विकली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. या संपाच्या दबावातून पुढे १९३९ चा कूळ कायदा आला. या संपावर वेगळा भाग करायचाच आहे, तो नंतर.

कोल्ह्याच्या बाजूने यात महत्त्वाची गोष्ट एकच. आमच्याकडे शेत ही कायमची वस्तू नाही. माणूस राखतो तोपर्यंत ते शेत. राखणं थांबलं की समुद्र ते परत घेतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ साली त्याची नवी आवृत्ती आली, आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. त्याआधी गावोगाव बांध राखायची जी सामायिक पद्धत होती, तिला आमच्याकडे जोळ म्हणत, ती हळूहळू मोडली. माझे काका म्हणतात, आधी खांड गेली की रात्रीत माणसं जमायची, आता खांड गेली की अर्ज लिहितात. तोवर खारं पाणी दोनदा शेतात फिरून जातं.

आमचं शेत असंच गेलं. मी दहावीत होते तेव्हा उधाणाला खांड गेली आणि ती वेळेत बांधली गेली नाही. पहिल्या वर्षी भात जळलं. दुसऱ्या वर्षी चिखलावर हिरवे कोंब दिसले. आजोबांना वाटलं गवत असेल. ती तिवरं होती. मी इंजिनिअर होऊन नोकरीला लागेपर्यंत तिथे माझ्या डोक्याच्या वर खारफुटी उभी राहिली होती. आणि एका संध्याकाळी, अगदी घराच्या मागून, कोल्हेकुई आली.

आजोबांनी त्या शेतासाठी आयुष्यभर टोपल्या उचलल्या होत्या. त्यामुळे खारफुटी वाढली म्हणून आनंद व्हावा असं काही आमच्या घरी झालं नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आणि तिच्या कडेने ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. हा निकाल चांगला आहे, असं मी आज म्हणते. पण ज्याचं शेत गेलं त्याला तो ऐकवताना माझी जीभ अडखळते. कोल्ह्याचं घर आमच्या शेतावर उभं आहे, हे मला कबूल करूनच पुढे बोलायला हवं.

सहा बेटं, पंधरा जनावरं

आता थोडं लांब जाऊ, थेट कॅलिफोर्नियाला. तिथे किनाऱ्यापासून काही अंतरावर चॅनल आयलंड्स नावाची आठ बेटं आहेत. त्यातल्या सहा बेटांवर एक छोटा प्राणी राहतो, आयलंड फॉक्स. वजन एक ते पावणेतीन किलो, म्हणजे घरातल्या मांजराएवढा. जगात दुसरीकडे कुठेही नाही. मुख्य जमिनीवरच्या करड्या फॉक्सचे हे वंशज. बेटावर अडकले, अन्न कमी, शत्रू नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आकाराने लहान होत गेले. उत्तरेच्या बेटांवरून दक्षिणेच्या बेटांवर त्यांना तिथल्या आदिवासींनी होडीतून नेलं असावं, असं अभ्यासक मानतात. आता सहा बेटांवर सहा उपजाती आहेत, शेपटीतल्या मणक्यांची संख्यासुद्धा बेटागणिक बदलते. माणसाची भीती नाही, दिवसाढवळ्या फिरतात.

१९९० च्या दशकात उत्तरेच्या तीन बेटांवर हे प्राणी धडाधड मरायला लागले. सॅन मिगेल बेटावर १५ उरले. सँटा रोझावर १५. कारण शोधलं तर साखळी निघाली. डीडीटी या कीटकनाशकामुळे तिथले मासे खाणारे टकले गरुड काही दशकांपूर्वीच संपले होते. माणसाने आणून सोडलेली डुकरं रानटी होऊन वाढली होती. त्यांची पिल्लं खायला सोनेरी गरुड मुख्य जमिनीवरून आले. त्यांना हाकलायला टकले गरुड नव्हते. सोनेरी गरुडांना डुकराच्या पिल्लाबरोबर हा मांजराएवढा प्राणीही आयता मिळाला. ज्या प्राण्याने हजारो वर्षं आकाशातून शत्रू पाहिला नव्हता, त्याला वर बघायची सवयच नव्हती.

सँटा कॅटालिना बेटावर कारण वेगळं होतं. १९९९ साली तिथे डिस्टेंपर पसरला. हा कुत्र्यांना होणारा विषाणूचा रोग. एखादा रॅकून बोटीतून चोरून आला आणि त्याच्याबरोबर तो रोग आला असावा, असं मानतात. बेटावरचे बहुतेक प्राणी मेले. सुमारे तेराशेंमधले शंभरएक उरले.

मग तिथल्या लोकांनी काम हातात घेतलं. उरलेले प्राणी पकडून पिंजऱ्यात वाढवले, सोनेरी गरुड पकडून दूर नेऊन सोडले, डुकरं काढली, टकले गरुड परत आणले, आणि सोडलेल्या प्राण्यांना डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी टोचल्या. २०१६ साली उत्तरेच्या तिन्ही बेटांवरच्या उपजाती धोक्याच्या यादीतून बाहेर आल्या. त्या यादीतून इतक्या लवकर सावरून बाहेर पडलेला सस्तन प्राणी अमेरिकेत तोपर्यंत नव्हता.

मी ही गोष्ट का सांगतेय? आपला कोल्हा काही दुर्मीळ नाही. युरोपपासून थायलंडपर्यंत तो आहे, संपत आलेला नाही. पण कॅटालिनाची गोष्ट दुर्मीळपणाची नाही, बेटाची आहे. थोडी जनावरं, चारी बाजूंनी बंद जागा, आणि बाहेरून आलेला एक रोग. त्यांना पळायला जागा नसते आणि मेलेल्यांच्या जागी नवीन यायला वाट नसते.

आमचं बेट

आता उरणचा नकाशा फोनवर उघडा. सॅटेलाइट व्ह्यू लावा. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. त्याच्यामागे कंटेनरची यार्डं, आठ पदरी रस्ते, रेल्वे. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू झाला, सुमारे बावीस किलोमीटरचा. मधे मधे हिरवे तुकडे दिसतील, गडद हिरवे. ती खारफुटी. एका बाजूला पाणी, तीन बाजूंना भिंत, रस्ता आणि भराव.

कॅलिफोर्नियाचं बेट समुद्राने केलं. हे बेट भरावाने आणि रस्त्याने झालं, आणि माझ्या वयाच्या आत-बाहेर झालं. मी रोज त्याच रस्त्यांवरून ऑफिसला जाते. अर्ध्या तासाचा प्रवास वाचतो, म्हणून खूशही असते. रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण पाइप-मोरी टाकताना त्यातून पाण्याबरोबर एक कोल्हाही जाईल एवढी मोठी ठेवली, तर तुकडे जोडलेले राहतात.

आणि रोग? कोल्हा आणि कुत्रा इतके जवळचे आहेत की कुत्र्याचा डिस्टेंपर आणि रेबीज दोन्ही कोल्ह्याला होतात, आणि कोल्ह्याचा रेबीज परत कुत्र्याला. कचऱ्याच्या ढिगावर रात्री दोघं एकाच ताटात जेवतात. २०२४ साली खाडीच्या पलीकडे, चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला, कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला. आमच्या आणि त्यांच्या मधे फक्त पाणी आहे.

आता त्या व्हिडिओकडे परत येते.

तो प्राणी भर दुपारी, उघड्यावर, झोकांड्या खात चालला होता. निरोगी कोल्हा असं करत नाही. तो माणूस दिसला की तिवरांत शिरतो. तो जखमी असेल, कुणी विष घातलं असेल, किंवा रेबीज असेल. तपासायला काही उरलं नाही, कारण तो खाडीत गेला. गावाच्या मते तो लांडगा होता, आणि लांडगा मारला की काम संपलं. कोल्हा म्हटलं असतं तर निदान आजीने विचारलं असतं की कोल्हा दुपारचा बाहेर का?

मी विचारलं, कुणाला चावला का? सगळे म्हणाले, नाही. मग काका सहज बोलून गेले, "वाघ्या भिडला होता जरा. नाकावर ओरखडा आहे. आईने धुतला."

वाघ्या आमचा कुत्रा. त्याला कधीच लस दिलेली नव्हती. आणि आजीने त्याचं नाक साध्या पाण्याने, उघड्या हातांनी धुतलं होतं. तिची बोटं वर्षभर विळ्याने कापलेलीच असतात.

मंडळी, रेबीजची लक्षणं सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण लक्षणं दिसायच्या आधी लस घेतली तर माणूस वाचतो. मी हे सगळं फोनवर आजीला सांगत होते आणि ती म्हणत होती, "काय नाय होत, बाय." शेवटी मी रात्रीची एसटी धरून गेले. सकाळी तिला घेऊन दवाखान्यात. ० दिवस, ३ रा, ७ वा आणि २८ वा, अशी इंजेक्शनं झाली. चौथ्याला ती मला न सांगता एकटीच चालत गेली आणि नर्सबाईंना कोलंबीचं सुकट देऊन आली. तिला काही झालं नाही. वाघ्याला लगेच लस दिली आणि बांधून ठेवून लक्ष ठेवलं, कारण चावा बसल्यानंतर दिलेल्या लसीवर एकट्याने भरवसा ठेवता येत नाही. त्याला भेटायलासुद्धा आम्ही लांबून जायचो. हा भाग रेकॉर्ड करतेय तेव्हा तो ओट्यावर झोपलाय.

पोरांनाही मी बसवलं. ओरडायला गेले होते, पण ओरडणं जमलं नाही. त्यातला एक माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं लहान पोरांना चावेल." तो खोटं बोलत नव्हता. एका प्राण्यापासून गाव वाचवलं, असंच त्यांना वाटत होतं. त्यांच्याकडे काठी होती, नंबर नव्हता. मग त्यांच्यातल्या ज्यांच्या हाताला रक्त लागलं होतं, त्या तिघांनाही दवाखान्यात नेलं.

तर तुमच्यासाठी एवढंच. नंबर सेव्ह करा, १९२६. ही वनविभागाची हेल्पलाइन. कोल्हा, खोकड, लांडगा, काहीही असो, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारायला बंदी आहे. दिवसा झोकांड्या खाणारा, माणसाला न घाबरणारा प्राणी दिसला तर लांब राहा, पोरं-कुत्री आत घ्या आणि फोन करा. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गावाकडच्या कुत्र्याला वर्षातून एकदा रेबीजची लस. कॅटालिनाला लोकांनी जंगली प्राण्यांना पकडून टोचलं. आपल्याला तेवढं करायचं नाही. आपल्याला फक्त ओट्यावरचा वाघ्या टोचायचाय. त्याने आजी वाचते, पोरं वाचतात आणि तिवरांतलं कोल्ह्याचं कुटुंबही वाचतं.

गेल्या रविवारी गावात लस-शिबिर झालं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, चुलतभावाने आणि त्याच्या मित्रांनी कुत्री धरली. चव्वेचाळीस कुत्री झाली. दोन पळाली, ती पुढच्या वेळी.

संध्याकाळी काकांबरोबर बांधावर गेले. ते अजून त्या तिवरांकडे शेत म्हणूनच बघतात. इथे आपला कोपरा, इथे उघाडी, असं बोट दाखवत होते. सुकती लागली होती. थोड्या वेळाने आतून एक कुई आली, मग दुसरी. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "दोनच आहेत." मग चपला झटकून घराकडे निघाले.

थंबनेल बदललंय. आता त्यात आपला कोल्हा आहे, तपकिरी-करडा, जरा मळकट, मागे चिखल. पुरंदरच्या त्या दादांचे आभार. पुढच्या भागात चरीचा संप. तोवर काळजी घ्या, आणि गावी फोन केलात की कुत्र्याच्या लसीचं विचारा.